ऑर्केस्ट्रा घातला की डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजात गायलं जाणारं जड, वेगवान रॉक) मऊ पडतं का? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मऊ पडत नाही, गिचमीड होतं. आणि ते ऑर्केस्ट्रामुळे होत नाही, गिटारिस्टमुळे होतं. बहुतेक बँड गाणं आधी गिटारवर पूर्ण रचून मोकळे होतात आणि मग पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तशी वरून व्हायोलिनं पेरतात. त्यातून जे तयार होतं ते ऐकून लोक म्हणतात, हे मिश्रण जमतच नाही.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण कॉलेजात असताना पुण्यातल्या एका डेथ मेटल बँडमध्ये मी कीबोर्ड वाजवायचो आणि आमचं भांडण नेमकं यावरूनच व्हायचं. आमचा गिटारिस्ट हाताचा जबरदस्त होता, त्याबद्दल वाद नाही. घरी बसून तो अख्खं गाणं रचायचा, ड्रम प्रोग्रॅम करायचा आणि मला फाइल पाठवायचा. सोबत एक ओळ : "यावर स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलो वगैरे) टाकून दे, एपिक वाटलं पाहिजे." फाइल उघडावी तर पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे तार न थांबता भरभर छेडणं. श्वास घ्यायला जागा नाही, मग चेलो कुठे बसवायचा?

आता हिशेब बघा. गिटार बी ट्यूनिंगला उतरवली, म्हणजे तारा सैल करून नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावली की तिची सगळ्यात जाड तार साधारण ६२ हर्ट्झला बोलते. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झला. दोघांची जागा एकच, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं) लावलेल्या गिटारसमोर चेलो कधीच जिंकत नाही. डिस्टॉर्शनचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या वरचे उपस्वर) वरपर्यंत पसरतात, त्यात व्हायोलिनच्या गजाचा खरखरीतपणाही बुडतो. शिवाय वेग. २४० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला २४० बीट असताना, एका बीटमध्ये चार स्वर धरले तर सेकंदाला १६ स्वर होतात. गिटारवर ते निघतात, पण अख्ख्या व्हायोलिन सेक्शनकडून तेवढे स्वर सुटे आणि स्वच्छ निघत नाहीत. आणि ऑर्केस्ट्राची खरी ताकद असते हळू आवाजापासून मोठ्यापर्यंत चढत जाण्यात. डेथ मेटलची गिटार सुरुवातीपासूनच भिंतीसारखी सपाट आणि मोठी, मग चढणार कुठे?

एका गाण्याचा ब्रिज (मधला वेगळा तुकडा) मी त्याला न विचारता नव्याने लिहिला. आठच बार. गिटारची धावपळ काढून टाकली, फक्त किकच्या (पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमच्या) सोबतीने पाम म्यूटचे, म्हणजे तळव्याने तार दाबून काढलेले, ठोके ठेवले. तो धावता फ्रेज चेलो आणि डबल बेसला दिला. व्हायोलिनं दोन सप्तकं वर, निम्म्या वेगाने. हॉर्न शेवटच्या दोन बारांत, त्याआधी अजिबात नाही. टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) पूर्ण उडवली, कारण दोन्ही पायांनी बेस ड्रम चालू असताना ती नुसता चिखल करते. खरा ऑर्केस्ट्रा कुठून आणणार, कीबोर्डवरून वाजणारी रेकॉर्ड केलेल्या वाद्यांची सॅम्पल्सच होती. पण प्रॅक्टिस रूममध्ये लावलं तेव्हा ड्रमर म्हणाला, "परत लाव." मग पुन्हा म्हणाला. मग स्वतः किटवर बसून सोबत वाजवायला लागला.

गिटारिस्ट म्हणाला, "मग मी काय करू? टाळ वाजवत बसू?"

मी म्हटलं, "हो, आठ बार टाळ धर. टाळकऱ्यांशिवाय बुवांचं कीर्तन उभं राहतं का?"

त्याने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या कॉलेज फेस्टला त्याने साउंडवाल्याला सांगून माझा फेडर (माझ्या कीबोर्डचा आवाज कमी-जास्त करणारी मिक्सरवरची पट्टी) खाली ओढायला लावला. समोर उभ्या असलेल्या मित्रांना ब्रिजमध्ये किक आणि ठोके ऐकू आले, बाकी काही नाही. त्यावरून गिटारिस्ट आजही म्हणतो की कीबोर्डमुळे आमच्या गाण्याची धार गेली. धार जिथे होती तोच चॅनेल बंद होता, मित्रा.

मी म्हणत होतो ते मोठमोठ्या बँडनी करून दाखवलंय. ग्रीसच्या सेप्टिकफ्लेशमध्ये गिटार वाजवणारा क्रिस्टोस आंतोनिऊ हाच ऑर्केस्ट्राही लिहितो, आणि तो रचना रीतसर शिकलेला माणूस आहे. २००८ च्या 'कम्युनियन'वर त्यांनी प्रागचा फिल्महार्मोनिक ऑर्केस्ट्रा घेतला. त्यातले गिटार रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) लक्ष देऊन ऐका. साधे आहेत, मुद्दाम साधे ठेवलेत, म्हणून ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) अंगावर येतं. उलट इटलीच्या फ्लेशगॉड अपॉकलिप्सचा २०११ चा 'अ‍ॅगनी' घ्या. अफाट लेखन, पण त्यात गिटार ऑर्केस्ट्राखाली गाडली गेलीये ही तक्रार तेव्हापासून होत आलीय आणि ती खरी आहे. म्हणजे जागा दोघांनीही सोडावी लागते, हे मलाही मान्य आहे. मेटॅलिकाचा १९९९ चा सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसोबतचा कार्यक्रम लोक नेहमी पुढे करतात. ते डेथ मेटल नाहीच, आणि तयार गाण्यांवर नंतर ऑर्केस्ट्रा चढवलेला असल्यामुळे कितीतरी ठिकाणी दोन गाणी एकाच वेळी चालू आहेत असं वाटतं.

ऐकायला 'कम्युनियन'पासून सुरुवात करा. मग सेप्टिकफ्लेशचाच मेक्सिको सिटीतला २०१९ चा कार्यक्रम बघा, मंचावर शंभरहून जास्त वादक-गायक आहेत. 'अ‍ॅगनी' त्यानंतर. आपल्याकडचं ऐकायचं तर मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा 'दशावतार', २०१७ चा. तिथे मोठा ऑर्केस्ट्रा शोधू नका, पण कीबोर्ड सजावटीपुरता ठेवलेला नाही. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू नका, खालचे स्वर निघतच नाहीत.

तुम्ही स्वतः बँड काढणार असाल तर कीबोर्डवाल्याला पहिल्या दिवसापासून रचनेला बसवा. गिटारिस्ट नाही म्हणाला तर दुसरा गिटारिस्ट बघा. शुद्ध, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या जुन्या बँडच्या वळणाचं डेथ मेटल करायचं असेल तर मात्र ऑर्केस्ट्राच्या फंदात पडू नका. त्याला त्याची गरज नाही, आणि तेही मी तितक्याच आवडीने ऐकतो.