सांध्याच्या अस्तरातल्या पेशी संधिवातात सूज वाढवतात की आवरतात?

दोन्ही करतात, कुठल्या पेशी आणि कुठली वेळ, यावर ते ठरतं.

निरोगी सांध्यात सायनोव्हियमचा, म्हणजे सांध्याच्या अस्तराचा, सर्वांत आतला थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो. त्यात मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आणि फायब्रोब्लास्ट (ऊतींचा सांगाडा बांधणाऱ्या पेशी) शेजारी-शेजारी नांदतात. इथले मूळचे मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करतात आणि सूज शमवणारे संदेश सोडतात. शिवाय ते एकमेकांना घट्ट चिकटून सांध्याभोवती कुंपणच घालतात. हे 2019 मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. सूज सुरू झाली की हे कुंपण मोडतं आणि रक्तातल्या दाहक पेशी आत घुसतात.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात (यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते) खरा उच्छाद मांडतात ते फायब्रोब्लास्ट. त्यांची संख्या वाढून अस्तर जाड होतं. ते आयएल-6 हा सूज वाढवणारा संदेशवाहक रेणू सोडून सूज धगधगती ठेवतात, कूर्चा झिजवणारी विकरं तयार करतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींनाही चेतवतात.

सध्याची बहुतेक औषधं रोगप्रतिकार यंत्रणेला लगाम घालतात, थेट फायब्रोब्लास्टना नाही. माझ्या मते काही रुग्णांचे सांधे उपचार चालू असूनही धुमसत राहतात, त्यामागे हेही एक कारण असावं. आजार आटोक्यात आलेल्या रुग्णांच्या अस्तरात मात्र मर्टीके हा रेणू असलेले शांतिदूत मॅक्रोफेज भरपूर सापडतात.