जुनी फियाट आणि फायरचा सिलेंडर

प्रश्न : वडिलांची १९७३ ची फियाट अजून चालू आहे, रविवारी ठाण्याच्या घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत चक्कर मारतो. मुलगा जुन्या अमेरिकन स्टॉक कारच्या शर्यतींचे व्हिडीओ बघतो, त्यात ड्रायव्हरशेजारी आग विझवायची लाल बाटली आणि ओढायचा दांडा असतो, आता "आपल्यालापण बसवा" म्हणून मागे लागलाय. बसवू का, की साधा सिलेंडर पुरेल? — एक वाचक, कासारवडवली

उत्तर : मुलाचं ऐका, पण अर्धंच. मे १९६४ मध्ये अमेरिकेत शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या ड्रायव्हरची फोर्ड भिंतीवर आपटून उलटली आणि पेटली, नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरने त्याला ओढून बाहेर काढलं तरी जुलैत तो गेलाच. त्यानंतर मग सगळे हलले. पेट्रोलच्या टाकीत जाड रबराची पिशवी आणि आत फोम आला, म्हणजे टाकी चेपली तरी पेट्रोल भसाभसा सांडत नाही. साधे सुती कपडे आगरोधक केमिकलमध्ये बुडवून घालायचे ते जाऊन नोमेक्सचे, म्हणजे सहज न पेटणाऱ्या कापडाचे, सूट आले. आता एसएफआय ३.२ए/५ (शर्यतीच्या सुरक्षा साहित्याचं अमेरिकन मानक) दर्जाचा सूट आगीत साधारण दहा सेकंद तग धरतो, त्यानंतर कातडीला फोड. त्या लाल बाटलीतून पाईप निघतात, एक इंजिनकडे, एक ड्रायव्हरकडे, आणि तीपण काही सेकंदांत रिकामी होते. हे सगळं माणूस बाहेर पडावा म्हणून असतं, गाडी वाचली तर नशीब.

तुमची गाडी काही शर्यतीत उतरत नाही, त्यामुळे पाईपवाल्या सिस्टीमवर पैसे घालवू नका. तुमचा धोका बॉनेटखाली आहे. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलात की इंजिन तापतं, आणि तिथेच पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत तो वीतभर रबरी पाईप. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, पाईप फुगतो नाहीतर चिरतो. रात्री गाडी गार झाल्यावर टॉर्च मारून बघा, पाईप दोन बोटांनी वाकवा, बारीक चिरा दिसल्या किंवा बोटाला पेट्रोलचा वास लागला तर त्याच आठवड्यात बदला, इथेनॉल चालणारा पाईप मागा आणि क्लिप नवीन घ्या (आपले मिस्त्री जुनीच आवळून देतात). बॅटरीला कट-ऑफ स्विच लावून घ्या, किरकोळ खर्च आहे, आणि जुन्या वायरिंगचा भरवसा कोणी द्यावा!

आता सिलेंडर. आयएसआय मार्कचा एक किलोचा एबीसी पावडरवाला (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारा) घ्या, वागळे इस्टेटच्या बाजूला चौकशी करा. डिकीत टाकलात तर तो असून नसल्यासारखा, सीटसमोर लोखंडी पट्टीच्या ब्रॅकेटने फ्लोअरला बोल्ट मारून बसवा, बेल्ट लावलेला असताना हात पोचला पाहिजे. प्लॅस्टिकची क्लिप नको, जोरात ब्रेक मारला की सिलेंडर पेडलखाली येतो. गाडीच्या हादऱ्याने पावडर तळाशी बसते म्हणून महिन्यातून एकदा काढून उलटासुलटा हलवायचा आणि प्रेशरचा काटा हिरव्यात आहे ना ते बघायचं.

धूर दिसला तर इंजिन बंद, सगळे खाली, लांब. बॉनेट सताड उघडू नका, हवा लागली की आग उसळते, जरासं उचलून फटीतून मारा. हातात आठ-दहा सेकंदच असतात, तेवढ्यात विझली नाही तर गाडी सोडा आणि १०१ लावा. पावडर नंतर सगळीकडे चिकटते आणि ॲल्युमिनियम खाते, ती लगेच साफ करायची. क्लीन एजंटवाला (मागे काही न ठेवणाऱ्या गॅसचा) सिलेंडर घेतलात तर ही कटकट नाही, पण महाग पडतो.

प्रश्न : मित्राने परदेशातून आणलेल्या जुन्या रेसकारमधली बाटली दिलीय, वर हॅलॉन १३०१ लिहिलंय. वापरू का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : नको. हॅलॉन गॅस आग छान विझवतो पण ओझोनला मारक, म्हणून प्रगत देशांत १९९४ पासून आणि आपल्याकडेही २०१० पर्यंत त्याचं उत्पादन बंद झालं, म्हणजे रिफिलचे वांधे. इतक्या जुन्या बाटलीचं सील धड असेल याचीही खात्री नाही. उत्सुकतेपोटी गच्चीवर सोडून बघू नका, गॅस परत काढून घेणाऱ्या फायरवाल्याकडे द्या.