भावाचा हिस्सा बिल्डरला, माझं शेत टिकेल का?

प्रश्न: हवेली तालुक्यात दोघा भावांच्या सामाईक नावावर अडीच एकर बागायत आहे. धाकटा त्याचा हिस्सा बिल्डरला विकसनासाठी देतोय. मला शेतीच करायची आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर: भावाच्या करारनाम्यावर सही होण्याआधी वाटणी उरका. करारात ‘अविभक्त निम्मा हिस्सा’ असे शब्द गेले, की बिल्डरचा हक्क तुमच्या बांधापर्यंत पोहोचतो. प्रत्येकी 50 गुंठे येतात. बागायतीला किमान 10 गुंठे लागतात, त्यामुळे तुकडेबंदी (ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) आडवी येणार नाही. वाटणीपत्र नोंदवा, भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजून घ्या आणि सातबारा वेगळे करा.

रस्त्याकडची बाजू भावाला सोडा, पण विहिरीकडची, पाटाकडची तुम्ही ठेवा. बिल्डरलाही रस्ताच हवा असतो. मात्र आत जायला गाडीवाट, विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी आणि भावाच्या हिश्श्याखालून येणारी पाइपलाइन, हे सगळं वाटणीपत्रात नकाशासह लिहा. तोंडी शब्द पुढच्या मालकावर चालत नाही.

शेत मरतं ते बहुधा पाण्यानं. बिल्डर मुरूम टाकून दोन-तीन फूट भराव करतो, ओढा बुजतो. पूर्वी जमिनीत मुरणारं पाणी सिमेंटवरून थेट तुमच्या सरीत येतं, आणि ऊस असो की भाजी, मुळं कुजतात. म्हणून लेआउटच्या नकाशातच ओढ्याची मूळ रुंदी आणि बांधाच्या पातळीला सिमेंटचे पाइप दाखवायला लावा. सांडपाण्याचं तोंड तुमच्याकडे नको. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलंच, तर मामलेदार कोर्टात, म्हणजे तहसीलदारांपुढे, 6 महिन्यांच्या आत दावा करा. मुदत गेली की तो मार्ग बंद.

पाया खोदण्याआधी वरची फूटभर काळी माती मागून घ्या. गुंठ्याला सुमारे 11 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरते. भरावाखाली गेली तर ती कायमची गेली. हलवण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीचं विचारा.

प्रश्न: सगळी विकून लांब दुसरी जमीन घेतली तर?

उत्तर: विक्रीआधीच शेतकरी असल्याचा दाखला काढा, जुने सातबारा-फेरफार जपा. बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विकलेली जमीन शहराच्या हद्दीलगतची असेल तर भांडवली नफ्यावर कर लागतो. विक्रीआधी दोन वर्षं ती कसत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीत, तर तेवढ्या रकमेपुरती सूट मिळते.