सारसाची जोडी आणि माणसाची

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाला १४ वर्षे झाली. तिच्या यजमानांचे दुसऱ्या एका स्त्रीशी संबंध असल्याचे गेल्या दिवाळीत उघडकीला आले. घरातली वडीलधारी माणसे जमली, तेव्हा आमचे एक उच्चशिक्षित काका म्हणाले, की एकाच जोडीदाराशी बांधून राहणे निसर्गाच्या विरुद्ध आहे, सस्तन प्राण्यांत तसे कोणी राहत नाही आणि पुरुषाची तर जातच तशी. तेव्हा ताईने फार मनाला लावून घेऊ नये. आम्ही मूळचे गोंदिया जिल्ह्यातले. लहानपणी आजोबा धानाच्या बांधीत उभी असलेली सारसाची जोडी दाखवून म्हणत, "यातला एक गेला तर दुसरा अन्नपाणी सोडतो." काकांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे का? आणि आजोबांचे खरे होते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी आजोबांच्या सारसाकडे वळतो, कारण त्यांनी तुम्हांला दाखवले ते बव्हंशी खरेच होते. सारसाची जोडी वर्षानुवर्षे एकत्र राहते, पावसाळ्यात पाणथळीत किंवा धानाच्या बांधीतच गवताचे मोठे घरटे रचते, आणि साधारण दोन अंडी नर व मादी आळीपाळीने उबवतात. जोडीने आरोळी देताना नर पंख पाठीवर उभारतो, मादी पंख मिटूनच उभी असते, आणि नराच्या एका आरोळीला ती दोन आरोळ्यांनी साथ देते. ही लय इतकी घट्ट असते, की दुरून ऐकणाऱ्याला एकच पक्षी ओरडतो आहे असे वाटावे. मात्र जोडीदार गेल्यावर सारस प्राण सोडतो, हे खरे नाही. काही काळाने तो दुसरा जोडीदार धरतो. उत्तर भारतात झालेल्या दीर्घ निरीक्षणांत तर जोडीबरोबर तिसरा सारस राहून पिल्लू वाढवायला हातभार लावतो, अशी त्रिकुटेही आढळली आहेत.

पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीने राहतात, आणि त्यामुळे पक्षी हा एकनिष्ठेचा नमुना मानला जाई. १९८० च्या दशकात डीएनए तपासून पितृत्व ठरवता येऊ लागले, तेव्हा अनेक जातींच्या घरट्यांत शेजारच्या नराची पिल्ले सापडली. जोडी मोडलेली नव्हती, दोघेही चारा आणत होते, तरी पिल्लू दुसऱ्याचे होते. तेव्हापासून प्राणिशास्त्रात जोडीने संसार करणे आणि शरीरसंबंधांत एकनिष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. तुमच्या काकांनी या दोहोंची गल्लत केली आहे.

सस्तन प्राण्यांबद्दल ते बोलले, त्यात तथ्य आहे. सस्तन प्राण्यांच्या जेमतेम ९ टक्के जाती जोडीने राहतात. गर्भ मादीच्या पोटात, दूध मादीच्या अंगावर. नराने थांबून करण्यासारखे फारसे काही उरत नाही. परंतु 'तसे कोणी राहत नाही' हे चूक आहे. आसामच्या जंगलातला हुलॉक गिबन हा वानर जोडीने राहतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या निशाचर घुबड-माकडांत पिल्लू जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत बाप ते पाठीवर घेतो. दूध पाजण्यापुरतेच ते आईकडे जाते.

मग माणूस कुठे बसतो? त्याच्या शरीरावर काही खुणा आहेत. गोरिलाचा नर अनेक माद्यांचा कळप राखतो आणि वजनाने मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो. गिबनांत नर-मादी जवळपास सारखे असतात. माणसात पुरुष स्त्रीपेक्षा थोडासाच मोठा असतो. चिंपांझीची मादी अनेक नरांशी संबंध ठेवते, म्हणून तिथे नरांची स्पर्धा शुक्रजंतूंच्या पातळीवर चालते आणि माणसाहून लहान चणीच्या त्या नराचे वृषण सुमारे १२० ग्रॅम भरतात. माणसाचे ४० ग्रॅमच्या आसपास. आपल्या पूर्वजांत थोडेफार बहुपत्नीत्व असावे, पण चिंपांझीसारखा मुक्त व्यवहार नव्हता, असेच हे मोजमाप सुचवते.

माझ्या मते याहून मोठी साक्ष मुलाची आहे. माणसाचे मूल वर्षभर धड चालत नाही, स्वतःचे अन्न स्वतः मिळवायला त्याला पंधराएक वर्षे लागतात, आणि ते परावलंबी असतानाच आईला दुसरे मूल होते. एकटीच्या बळावर हे निभत नाही; आजी, मावशी आणि बाप यांचे हात लागतात. त्यासाठी पुरुषाचे शरीरही बदलते. फिलिपीन्समधल्या सेबू येथे ६२४ तरुणांची तपासणी सुमारे साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा झाली. मधल्या काळात जे बाप झाले, त्यांच्यातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक ठळकपणे घटले होते, आणि मुलांचे करण्यात रोज अधिक वेळ घालवणाऱ्यांत ते सर्वांत कमी होते. मुलाला मांडीवर घेऊन बसणे हेही पुरुषाच्या निसर्गातच आहे, हे काकांना जरूर सांगावे.

ते कदाचित इतिहास पुढे करतील. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानववंशशास्त्रीय संकलनात जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक समाजांत बहुपत्नीत्वाला मुभा दिसते. मुभा असली, तरी त्या समाजांतही बहुतेक पुरुषांना एकच बायको होती, कारण दोन संसार पोसण्याची ऐपत थोड्यांचीच होती आणि स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी असते. हिमालयातल्या किन्नौर व जौनसारच्या डोंगरांत भावाभावांत एक पत्नी असे. तिथे जमिनीचे तुकडे पडू नयेत हा हेतू होता. लग्नाची रीत शेत, धन आणि सत्ता पाहून बदलत आली आहे. खुद्द महाभारताच्या आदिपर्वात पांडू कुंतीला सांगतो, की पूर्वी स्त्रिया स्वतंत्र होत्या आणि उद्दालकपुत्र श्वेतकेतूने मर्यादा घातली. म्हणजे मर्यादा माणसाने घातली, याचे भान आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून आहे.

माझ्या आजोळी शेजारच्या घरात एकाच माजघरात दोन चुली होत्या. दोघी सवती एकमेकींशी वाईट वागत नसत, पण थोरलीच्या चुलीवरचा चहा धाकटीने कधी घेतल्याचे मी पाहिले नाही. हे बेकायदा नव्हते. त्यांची लग्ने जुन्या काळातली होती. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास बंदी आली ती १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने. त्याला आव्हान मिळाले तेव्हा, मुलासाठी दुसरे लग्न करणे हा धर्माचा भाग आहे, असा युक्तिवाद झाला. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा ग्राह्य ठरवला. ज्या धर्माला मुलगा हवा आहे, त्याच धर्माने दत्तकाची सोयही केली आहे, असे छागलांनी नोंदवले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही बंदी देशभर गेली. आज ज्याला आपण सहज 'आपली रीत' म्हणतो, ती कायद्याच्या रूपात एका आयुष्याएवढीच जुनी आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : जोडी जमवणे आणि जोडीदारावर जीव जडणे हे माणसाच्या निसर्गात आहे, दुसऱ्याकडे मन ओढ घेणे हेही आहे, आणि ते स्त्री व पुरुष दोघांच्याही. आयुष्यभराची एकनिष्ठा हा शब्द आहे, तो माणूस देतो, आणि दिलेला बहुतेक वेळा पाळतोही. पश्चिम युरोपात वंशावळी आणि बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्रे ताडून पाहिली असता, गेल्या काही शतकांत कागदोपत्री बाप एक आणि खरा बाप दुसरा असे पिढीमागे सुमारे १ टक्का जन्मांतच आढळले. पक्ष्यांच्या घरट्यांशी तुलना केली, तर हा आकडा फार लहान आहे. निसर्गाची सबब खरी मानायची, तर तीच सूट ताईलाही द्यावी लागेल. काका ती देतील असे मला वाटत नाही, आणि म्हणून त्यांच्या बोलण्याला मी शास्त्र म्हणत नाही.

व्यवहाराचे एक सांगून ठेवतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाचे कलम ४९७ रद्द केल्यापासून विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, परंतु हिंदू विवाह कायद्याखाली ते घटस्फोटाचे कारण आजही आहे. ताईला तो मार्ग घ्यायचा आहे, की यजमानांनी तो संबंध तोडून नव्याने शब्द द्यावा असे तिला वाटते, की तिला अजून काहीच ठरवायचे नाही, हे मला कळू शकत नाही. तुमच्या पत्रात त्या दिवशी काका काय म्हणाले ते सविस्तर आहे. ताई काय म्हणाली, ते कुठेच आलेले नाही. पुढची बैठक बोलावण्याआधी तिला ते विचारा.