बाबूना उकळू नका

प्रश्न : सासूबाईंना (वय 68) रात्री लवकर झोप लागत नाही, म्हणून कॅमोमाइलची, म्हणजे बाबूनाची, फुलं आणली. आपल्या चहासारखी पाच मिनिटं खळखळ उकळून देते. काढा कडू होतो आणि फरकही दिसत नाही. त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. फुलं वाढवू का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : वाढवू नका, आजपासून बंदच करा. वॉरफरिनसोबत कॅमोमाइल घेतल्याने रक्त जास्त पातळ होऊन आत रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचा का, ते विचारा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग किंवा काळी शौच दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

घरातल्या इतरांसाठी करायचा असेल तर चूक उकळण्यात आहे. या फुलाचा गुण बराचसा त्याच्या सुगंधी तेलात असतो. ते वाफेबरोबर उडून जातं आणि मागे कडवटपणा तेवढा उरतो. 150 मिली पाणी उकळून गॅस बंद करा, दोन ते तीन ग्रॅम सुकी फुलं घाला आणि लगेच झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आत साचलेले थेंबही कपातच निथळू द्या, तेल त्यांतही असतं. झोपण्याच्या तासभर आधी प्यावं, नाहीतर लघवीसाठी उठावं लागतं. अपेक्षा मात्र माफक ठेवा. मन थोडं सैलावतं, पोटातला गॅस आणि मुरडा कमी होतो. जुनाट निद्रानाश यानं जात नाही.

युनानी औषधांच्या दुकानात 'गुल-ए-बाबूना' मागा. फुलाचा पिवळा घुमट उभा चिरून पाहा : आतून पोकळ आणि सफरचंदासारखा वास असेल तर माल चांगला. नुसत्या काड्या आणि भुगा असेल तर घेऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पुडीतली फुलं ओल धरतात, म्हणून 50 ग्रॅमच आणा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. कुबट वास आला की फेकून द्या.

प्रश्न : शेवंतीची वेणी माळली की मला शिंका येतात. बाबूनाच्या पाण्याने डोळे धुतले तर चालेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. बाबूना शेवंतीच्याच कुळातला, झेंडू आणि गाजरगवतही त्यातलेच. तुम्ही तो पिऊही नका. डोळ्यांत तर कुणीच घालू नये. परागकणांनी पापण्या सुजतात.