गोव्यातले मराठी पेपर खाणवाल्यांनीच का काढले?

तुम्ही विचारलंय की गोव्यातला जुना पेपर बघावा तर मालक खाणवाला कसा, हा योगायोग की काही ठरवून केलेलं. योगायोग अजिबात नाही हो, पण ठरवून कट केला असंही नाही, त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे पैसाच नव्हता.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्याआधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप, छापायच्या आधी मजकूर दाखवायचा, त्यामुळे मोकळं मराठी दैनिक निघणं शक्यच नव्हतं. मुक्ती झाली आणि सगळ्यांनाच पेपर हवा झाला, पण छपाईचं मशीन, कागद, माणसं याला भांडवल लागतं आणि अख्ख्या गोव्याची लोकसंख्या तेव्हा सहा लाखाच्या आत, कारखाने नाहीत म्हणजे जाहिराती नाहीत. जपानला लोहखनिज पाठवून ज्यांच्या हातात रोकड आली होती तेच हा तोटा सोसू शकत होते. म्हणून मार्च 1962 मध्ये चौगुल्यांनी 'गोमन्तक' काढला, 1963 ला धेंप्यांचा इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' आला, मग 1970 ला त्यांचाच मराठी 'नवप्रभा'. साळगावकरांनी 1987 ला 'सुनापरान्त' काढला, तो कोकणी. आणि गंमत म्हणजे पहिले निवडून आलेले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, तेही खाणमालकच! म्हणजे सरकार पण खाणवाल्याचं आणि पेपर पण.

पण म्हणून सगळे एका सुरात बोलायचे असं समजू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या जनमत कौलाच्या वेळी खरी मजा होती. 'गोमन्तक' उघड विलीनीकरणाच्या बाजूने, महाराष्ट्रात जायचं म्हणणारा, आणि समोर मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात, तोही मराठीतच! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. महाराष्ट्रात जायचं नाही हे मराठी वाचकाला मराठीतूनच पटवलं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो दोनदा विचारतो. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं आणि 34,021 मतांनी गोवा वेगळा राहिला.

मी डिचोलीकडचा. लहानपणी आमच्या घरी पेपर यायचा तो ओसरीवर तासभर पडला तरी त्यावर लाल धूळ बसायची, खनिजाचे ट्रक दारावरून जायचे ना. बाबा पेपर झटकून मग वाचायला बसायचे. मालक कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे खाणीबद्दल काही वाचायचं झालं की लोक दोन पेपर घ्यायचे, एकात जे नाही ते दुसऱ्यात मिळतं का बघायला. माझं स्वतःचं मत विचाराल तर अग्रलेखावरून मालक ओळखायला जाऊ नका, तिथे संपादक बऱ्यापैकी मोकळा असायचा. एखादी बातमी पान एकवर आली की पान सातवर खाली कोपऱ्यात गेली ते बघा.

आता चित्र बदललंय. 'गोमन्तक' सकाळ समूहाकडे गेला म्हणजे पुण्याच्या पवार कुटुंबाकडे, 'सुनापरान्त' बंद पडला, आणि बेळगावच्या ठाकुरांचा 'तरुण भारत', 'लोकमत', 'पुढारी' हे सगळे बाहेरून आले. त्यात 2012 ला खाणीच बंद झाल्या, मग 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या, म्हणजे ज्या पैशावर पेपर उभे राहिले तो झराच आटला. धेंप्यांनी तर खाणीचा धंदा त्याच्या आधीच विकला होता, पेपर मात्र ठेवले. का ठेवले असतील ते तुम्हीच विचार करा 🙂

आणि कुठल्याही पेपरचा मालक शोधायचा असेल तर लायब्ररीत जाऊन जुन्या वर्षांच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यातले अंक काढा. 'फॉर्म 4' नावाचं बारीक टाइपातलं निवेदन असतं, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्यापेक्षा जास्त शेअर असलेले सगळे. बहुतेक वेळा टेंडर नोटिशींच्या शेजारी सापडेल, चष्मा घेऊन जा.