आई गेली, आता प्रार्थना जमत नाही

प्रश्न : सलाम ताई. मी 27 वर्षांची, मूळची नगरची, नोकरीला पुण्यात. लहानपणापासून चर्चमध्येच वाढले, क्वायरमध्ये गाते, संडे स्कूलचा एक वर्ग घेते. मागच्या वर्षी आईला कॅन्सर निघाला आणि सात महिन्यांत ती गेली. घरात रोज प्रार्थना, उपास, बाहेरगावाहून लोक येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, सगळे छातीठोक सांगायचे की ती बरी होणार. माती झाल्यावर तिसऱ्याच दिवशी एक जवळचे नातेवाईक म्हणाले, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की आत काहीच नसतं. देव आहे का इथपर्यंत प्रश्न येतात, मग भीती वाटते की मी असा विचार तरी कसा करते. तरी रविवारी उभी राहून गाते. मी ढोंगी आहे का? चर्च सोडून द्यावं का?

उत्तर : अगं, आधी त्या नातेवाईकांचं बघू, कारण तेच वाक्य तुझ्या घशात अडकलेलं दिसतंय. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठव. पोरंबाळं, गुरंढोरं सगळं गेलेल्या माणसाजवळ ते पहिले सात दिवस आणि सात रात्री गप्प बसून राहिले, माझ्या मते त्यांनी केलेलं एकमेव चांगलं काम ते. मग तोंड उघडलं आणि सुरू झाले, तुझंच काहीतरी चुकलं असणार, नाहीतर देव असं कशाला करेल. पानंच्या पानं हेच. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो कोणावर? या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं, असं म्हणतो. आता ईयोब काय बोलला होता तेही बघ, त्याने जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात उभं करायची भाषा केली, तरी तो नीट बोलला आणि देवाची बाजू घेणारे चुकले. त्यामुळे विश्वास कमी पडला म्हणून आई गेली हे तुला कोणीही कितीही प्रेमाने सांगितलं तरी ते घेऊ नकोस.

संडे स्कूल घेतेस म्हणजे मेलेल्या लाजाराला येशू उठवतो ती गोष्ट दहा वेळा सांगितली असशील. त्यात लाजाराची बहीण मार्था येशूला भेटताच काय म्हणते? प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, तीही अगदी तेच म्हणते, म्हणजे दोघी बहिणी घरात चार दिवस हेच बोलत बसल्या असणार. ही तक्रारच आहे ना? येशू त्यांना अविश्वासू म्हणत नाही. त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारतो आणि रडतो. हो, पुढे लाजार उठला आणि तुझी आई नाही उठली, तो फरक मी गिळून टाकत नाहीये, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे असतं त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते.

आता ढोंगीपणाचं. पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला केडगावचं मुक्ती मिशन आणि मराठी बायबलचं भाषांतर आठवतं, जणू बाई पहिल्या दिवसापासून विश्वासात पक्की होती. तसं काही नव्हतं. 1874 मध्ये दुष्काळात भटकताना काही महिन्यांत आई, वडील, बहीण गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रापत्री करून वाद घातले, त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण पटत नाही, हे पवित्र शास्त्रात कुठे आहे दाखवा, देवाने मला बुद्धी दिली आहे ती मी गहाण टाकणार नाही अशा चालीचे. सिस्टर बिचाऱ्या वैतागून जायच्या. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्यांना वाटलं ते 1891 च्या सुमाराला. मधे आठ वर्षं गं! त्या आठ वर्षांत बाई शिकवत होती, अमेरिकेत गावोगाव भाषणं देऊन पैसा उभा करत होती, 1889 ला मुंबईत शारदा सदन काढून बसली होती. ढोंगी म्हणशील का तिला? माझ्या हिशेबी ढोंगी म्हणजे जो प्रश्न पडलेच नाहीत असं दाखवतो तो, आणि तू तर मला एवढं मोठं पत्र लिहिलंयस.

माझं सांगते. हे गेले तेव्हा मी जवळजवळ सहा महिने प्रभूची प्रार्थना पूर्ण म्हणू शकले नाही. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं की तोंड बंद व्हायचं, कारण इच्छा कळली होती ना मला, आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कळली होती. मग माझ्या बाकावरच्या बाया तेवढी ओळ म्हणायच्या आणि मी ‘आमची रोजची भाकर’ पासून परत त्यांच्यात मिसळायचे. दर रविवारी हेच. कोणाला कळलंही नसेल, एकीला कळलं होतं बहुतेक, ती त्या ओळीला माझा हात धरायची, काही बोलायची मात्र नाही. नंतर एका रविवारी ती ओळ म्हटली गेली, कधी ते लक्षातही नाही.

म्हणून चर्च सोडू नकोस, निदान आत्ता नको, दुःखात घर विकू नये म्हणतात तसंच हे. क्वायर चालू ठेव, जी ओळ तोंडातून येत नाही ती शेजारणीला गाऊ दे. संडे स्कूलचं मात्र पाळकसाहेबांना स्पष्ट सांगून दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाकडे दे, कारण उद्या एखादं पोर विचारणार की प्रार्थना केली की आजार बरा होतो ना टीचर, आणि तेव्हा तुला खोटं बोलावं लागू नये. घरी वाचायचं असेल तर बायबलमधलं स्तोत्र 88 वाच, त्यात शेवटी उजेड वगैरे काही होत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरकडे जा, ते विश्वासाचं काम नाही, शरीराचं आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे. मुलगा 20 वर्षांचा, चार महिने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, येत नाही, म्हणतो मला हे पटत नाही. त्याचे बाबा म्हणतात या घरात राहायचं तर यायचं. रोज भांडण होतं. काय करू?

उत्तर : येशू मेलेल्यातून उठून शिष्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यांच्यातला थॉमस बाकीच्यांबरोबर नव्हता. नंतर म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. पुढचं वाक्य आपण भरकन वाचून जातो : आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थॉमसही त्यांच्याबरोबर होता. म्हणजे ते आठ दिवस त्याला कोणी बाहेर काढलं नाही, आणि तोही तावातावाने निघून गेला नाही. तुमचे आठ दिवस जरा लांबणार आहेत एवढंच. घरातली संध्याकाळची रोझरी, जपमाळेची प्रार्थना, तुम्ही चालू ठेवा, त्याला बोलावू नका आणि आला तर बघूही नका त्याच्याकडे. काय पटत नाही ते मात्र विचारा, आणि तो सांगत असताना मधे बोलू नका, हे अवघड आहे मला माहितेय. रविवारी मिस्साहून आलात की त्याला उठवून सगळ्यांबरोबर जेवायला बसवा आणि त्या ताटावर हा विषय नको. त्याच्या बाबांना हे उत्तर वाचायला द्या, ऐकणार नाहीत, तरी द्या.